दिसलं, पण थांबता आलं नाही

संमतीपत्र मराठीत होतं आणि त्यातलं एक वाक्य ठळक छापलेलं होतं : तुम्ही कुठल्याही क्षणी, कारण न सांगता, हा प्रयोग थांबवू शकता. आमच्या गावातल्या एका काकांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, "थांबता येते का नाई थेच पाहाले आली ना तू? मंग आम्हीच थांबवलं तं तू काय पाहाशीन?"

"मंग तुमाले चहा पाजतो काका, अन् घरी सोडून देतो," ती म्हणाली. काकांनी सही केली.

ती म्हणजे आमच्याच शाळेची पोरगी. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि खो-खोचा संघ सांभाळतो. ती त्या संघातली. आता राज्याबाहेर संशोधन करते. विषय तिनं फोनवर सांगितला तेव्हा मला वाटलं, ह्यात शोधायचं काय? माणूस एखादी हालचाल करायला निघाला आणि ऐनवेळी 'नको' असं कळलं, तर ती त्याला रोखता येते का. आणि ते 'नको' डोळ्यांना कसं दिसलं, कुठं दिसलं, यानं काय फरक पडतो. असे प्रयोग बहुतेक करून कॉलेजच्या पोरांवर होतात, कारण प्रयोगशाळेच्या दाराशी तीच सापडतात. तिला शेतात राबणारी, वयानं थोराड माणसंही हवी होती. खरा अभ्यास पुढं व्हायचा होता. सूचना लोकांना समजतात का, यंत्रणा गावात चालते का, एवढीच ही चाचपणी.

दिवाळीच्या सुट्या होत्या. कापसाची वेचणी जोरात, त्यामुळं माणसं मिळायची ती दिवस मावळल्यावरच. मुख्याध्यापकांनी संगणकाची खोली उघडून दिली. खिडक्यांना स्नेहसंमेलनाचा मरून पडदा टाचला. खुर्ची कुठं ठेवायची ते तिनं शिंप्याच्या टेपनं डोळ्यांपासून पडद्यापर्यंत मोजून ठरवलं आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या. पडदा किती लांब आहे यावर आकृती डोळ्यात केवढी पडते ते ठरतं, म्हणून खुर्ची कुणी हलवायची नाही. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडलेला. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये साडेसोळा-सतरा मिलिसेकंद जातात आणि त्याहून बारीक वेळेला चित्र दाखवताच येत नाही, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. एका सेकंदाचे हजार भाग करून त्यातल्या सतरा भागांची काळजी करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्पर्धेत आमचं स्टॉपवॉच अंगठ्यानं दाबलं जातं आणि त्यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

काम दिसायला अगदी बाळबोध. पडद्यावर मधोमध फुली येते, फुली जाते, बाण येतो. डावीकडचा बाण आला की डाव्या हाताच्या तर्जनीनं एक कळ, उजवीकडचा आला की उजव्या तर्जनीनं दुसरी. जमेल तितक्या लवकर. थोडा सराव झाला की दुसरी सूचना : चारातून एखाद्या वेळी बाण आल्यानंतर त्याच्याभोवती लाल कडं येईल. कडं आलं तर दाबायचं नाही. पण कडं येईल म्हणून वाट पाहत बसायचं नाही. ही शेवटची ओळ ती प्रत्येकाला दोनदा वाचून दाखवायची.

पहिली काही मिनिटं मी मनातल्या मनात हसत होतो. कडं दिसायचं, बोट थांबायचं. मग कडं जरा उशिरा यायला लागलं. मग आणखी उशिरा. मला ते स्वच्छ दिसायचं, 'थांब' हा शब्दही मनात उमटायचा आणि तो उमटत असतानाच कळ दबल्याचा आवाज यायचा. चिडचिड होते हो. आपलंच बोट, आपलाच हात, पण हुकूम दुसऱ्याचा चालल्यासारखा. मी तिच्याकडं पाहिलं तर ती निवांत. त्या संगणकात सोयच तशी होती : तुम्ही थांबलात की पुढच्या वेळी कडं ५० मिलिसेकंद उशिरा, तुम्ही चुकलात की ५० मिलिसेकंद लवकर. असं वर-खाली होत होत शेवटी प्रत्येक माणूस अशा जागी येऊन ठेपतो की तिथं तो निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा फसतो. चपळ असो की मंद, निकाल निम्मा-निम्माच. फरक दिसतो तो कड्याला किती उशीर चालला यात.

ह्यात एक गोष्ट मला फार जवळून दिसली, ती सांगतो. ज्या वेळी मी थांबलो, त्यातल्या काही वेळा तर्जनी खरं तर निघालेली असायची. कळ दबलेली नसे, पण नखाच्या मागं, पहिल्या पेराशी कातडी किंचित ताणली जायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक शीर हलल्यासारखी व्हायची. बोट कळेवर टेकलेलं, कळ वर, आणि तरी हालचालीचा आरंभ झालेला. मला वाटलं वयाचा थरथराट असेल. ती म्हणाली, नाही सर, हे सगळ्यांना होतं. स्नायूवर विजेचे पट्टे चिकटवून पाहिलं की थांबवलेल्या हालचालींपैकी काहींमध्ये स्नायू जागा झालेला आणि अर्ध्यात मावळलेला सापडतो. २०२० च्या एका अभ्यासात थांबण्याची खूण दिसल्यापासून साधारण १६० मिलिसेकंदांत हे मावळणं सुरू होत असल्याचं दिसलं. म्हणजे निघालेली हालचाल वाटेत गाठून परत फिरवता येते.

काकांची पाळी माझ्यानंतर. त्यांनी सूचना ऐकली, मान डोलावली आणि बाण आला की डोळे बारीक करून बसले. कडं येतं का ते बघायचं, नाही आलं की आरामात दाबायचं. पडद्यावर 'लवकर दाबा' असं येत राहिलं.

"काका, वाट नोका पाहू."

"कडं आलं तं मंग?"

"आलं तं थांबा. नाई थांबता आलं तं नाई."

"म्हणजे पास व्हाचंच नाई का?"

हा प्रश्न त्या खोलीत आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या रूपात विचारला. शाळेनं आपल्याला चूक म्हणजे मार असं शिकवलंय. निम्म्या वेळा चुकायलाच बोलावलंय हे पटत नाही. पण काकांसारखं थांबून थांबून दाबलं तर प्रयोगाचा पायाच खचतो, कारण जी हालचाल निघालीच नाही ती थांबवण्यात मोजायचं काय? याच सगळ्या गोष्टींचे नियम जगभरच्या संशोधकांनी मिळून २०१९ साली एका लेखात घालून दिलेत : खुणेच्या फेऱ्या चारात एक असाव्यात, वाट न पाहण्याची ताकीद स्पष्ट द्यावी, कुणी हळूहळू संथ होत गेलं तर त्याचे आकडे जपून वापरावेत. काकांचे आकडे बाजूला काढावे लागले. त्यांना मात्र आपण एकदाही चुकलो नाही याचाच अभिमान. अजूनही पारावर सांगतात.

मग मोजतात तरी कसं? हे मला समजायला वेळ लागला. बोट दाबायला लागलेला वेळ मोजता येतो, कारण कळ दबते. थांबणं यशस्वी झालं तर पाहायला काही उरतच नाही. न घडलेल्या गोष्टीला घड्याळ कुठं लावणार? यावर १९८४ साली गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या दोघांनी एक मांडणी केली, आणि अजून सगळे तिच्याच आधारानं चालतात. डोक्यात दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र धावतात, एक 'कर' आणि दुसरी 'थांब'. जी आधी पोचेल ती जिंकते. त्यांनी ह्याला घोड्यांची शर्यत म्हटलंय. तिनं आमच्या लोकांना शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, म्हणून सांगितलं. एक जोडी आधीच सुटली आहे, दुसरी मागाहून सोडायची. मागची जोडी उशिरा सोडत सोडत अशा जागी आणायची की दोघींचे निकाल निम्मे-निम्मे होतील. पुढच्या जोडीचा वेळ माहीत, मागची किती उशिरा सोडली तेही माहीत. वजाबाकी केली की मागच्या जोडीचा वेग हाती येतो, भले तिला धावताना कुणी पाहिलेलं नसो. माझं बोट साधारण ५८० मिलिसेकंदांत दाबायचं आणि कडं साधारण ३०० नं आलं की निकाल निम्मा व्हायचा. म्हणजे मला थांबायला २८० च्या आसपास लागतात. तरण्या, धडधाकट माणसांना २०० ते २५० पुरतात. वय वाढतं तसं थांबणंही मंदावतं. हे ऐकून मी जरा गप्प झालो, नाही असं नाही. एकट्या माणसाच्या एका बैठकीच्या आकड्यावर फार जायचं नसतं, असं ती म्हणाली; ते मी सोयीनं लक्षात ठेवलंय.

खरी गंमत पुढं होती. तिनं कडं बदललं.

आधी ते मोठं, भडक लाल आणि नजरेच्या मधोमध होतं. मग त्याच्या जागी पडद्याच्या कोपऱ्यात एक फिकट राखाडी ठिपका. सूचना तीच, बोटं तीच, खुर्ची खडूच्या खुणांवर. आणि माझं थांबणं पार ढासळलं. ठिपका दिसत नव्हता असं नाही. विचारलं असतं तर दर वेळी 'दिसला' म्हणून सांगितलं असतं. पण दिसण्याआधीच बोट गेलेलं असायचं. माझ्या इच्छेत काही कमी पडत नव्हतं, मी तर चिडून आणखी जोर लावत होतो. मंद उजेडाची वस्तू असली की डोळ्याच्या आतल्या पडद्यापासून संदेश निघायलाच जास्त वेळ लागतो. नजरेच्या कडेला रंग आणि बारकावे नीट कळत नाहीत, हलतं काही असलं तर मात्र कडेलाही चटकन कळतं. शर्यतीतली मागची जोडी तीच होती, तिला सोडणाराच डुलक्या घेत होता.

मग आवाज. कडं नाही, ठिपका नाही, कानाला 'टूंक' असा सूर. मी लगेच सुधारलो. कानाचा मार्ग डोळ्यापेक्षा आखूड आहे. डोळ्यात उजेडाचं रूपांतर रासायनिक साखळीतून होतं, त्यात वेळ जातो, कानातल्या केसपेशी धक्क्यानं थेट हलतात. साध्या कळ दाबण्यातही माणूस उजेडापेक्षा आवाजाला साधारण ४० मिलिसेकंद आधी प्रतिसाद देतो. शर्यत सुरू करायला पिस्तूल का वाजवतात, झेंडा का नाही, याचं एक उत्तर मला शाळेच्या संगणकाच्या खोलीत मिळालं.

आणखी एक फेरी होती, ती सगळ्यांत अवघड. लाल कडं आलं तर थांबा, निळं आलं तर दुर्लक्ष करा आणि दाबा. कागदावर सोपं. पण निळं कडं आलं तरी बोट अडखळायचं, आणि मग दाबायचं. डोळ्यासमोर अचानक काही उगवलं की शरीर आधी जरा थबकतं, ते कोणत्या रंगाचं आहे याची चौकशी नंतर. हेही सगळ्यांना होतं म्हणे. आणि हे थबकणं एका बोटापुरतं नसतं. हात थांबवताना पायाकडं जाणारी आज्ञासुद्धा क्षणभर मंदावलेली मोजली गेलीय. घाईत थांबायचं असलं की मेंदू एकच नळ बंद करत बसत नाही, मुख्य व्हॉल्व्हच फिरवतो, असं मी आपलं समजून घेतलं. कपाळाच्या उजव्या बाजूच्या मेंदूचा खालचा भाग आणि मेंदूच्या पोटात खोल असलेला वालाएवढा एक गोळा, हे त्या कामातले मुख्य. उजव्या बाजूच्या त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना थांबायला जास्त वेळ लागतो, हे २००३ मध्ये ॲडम ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आपल्याकडं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आदित्य मूर्ती यांच्या प्रयोगशाळेनं डोळ्याच्या आणि हाताच्या हालचाली ऐनवेळी कशा थांबतात, यावर बरंच काम केलंय. डोळ्याची उडी थांबवायला हातापेक्षा कमी वेळ लागतो. डोळा हलका, हात जड, एवढ्यावरच ते भागत नाही असं ती सांगायला लागली आणि तेवढ्यात लाईन गेली.

लॅपटॉप चालू राहिला, पण पडद्याचा उजेड आपोआप कमी झाला आणि ती म्हणाली, आजचे पुढचे आकडे धरायचे नाहीत. मग मेणबत्ती लावून बसलो, कुणी तरी भुईमुगाच्या शेंगा आणल्या, आणि तिनं बर्लिनच्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. २०१६ सालचा. माणसाच्या डोक्याला तारा लावलेल्या, पायाखाली एक बटन. समोर हिरवा दिवा. मनाला येईल तेव्हा बटन दाबायचं, पण दिवा लाल झाला तर दाबायचं नाही. दिव्याचा मालक संगणक, आणि तो त्या माणसाच्या मेंदूतल्या लहरी वाचून, हा आता दाबणार असं वाटलं की दिवा लाल करतो. माणूस विरुद्ध त्याच्याच मेंदूतली चाहूल. हालचाल सुरू होण्याआधी साधारण २०० मिलिसेकंदांपर्यंत लाल दिवा लागला तर लोकांना मन फिरवता आलं. त्याच्या आत लागला तर पाय हललाच. आमचे काका शेंग फोडता फोडता म्हणाले, "म्हणजे तोंडातून शबद निंघाच्या आंधी येवढाच टाईम भेटते," आणि मग त्यांच्या सुनेचा विषय निघाला, तो इथं नको.

ह्या सगळ्याचा गावाशी संबंध काय असं कुणी विचारलं तर मी रोही, म्हणजे नीलगाय, सांगीन. आमच्या भागात रात्री मोटारसायकलवर येताना रोही कधी आडवा येईल याचा नेम नाही. संत्र्याच्या बागेतून निघतो, तुरीतून निघतो. नराचा रंग राखाडी-निळसर, मादीचा मातकट; दोन्ही रंग अंधारात मिसळून जाणारे. येतो तो नजरेच्या कडेनं, दिव्याच्या झोताबाहेरून. म्हणजे फिकट ठिपका, कोपऱ्यात, आणि त्या प्रयोगासारखी 'चारातून एकदा येईल' अशी पूर्वसूचनाही नाही. ताशी ६० नं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. ३०० मिलिसेकंदांत पाच मीटर. एवढं अंतर, पिळलेली मूठ सैल करायलाच. ब्रेक दाबणं ही त्यापुढची निराळी हालचाल. गावात अपघात झाला की लोक म्हणतात, लक्ष नव्हतं. असेलही. पण लक्ष असून, दिसून, उपयोग झाला नसेल ही शक्यता मी आता आधी धरतो. वेग कमी ठेवणं हाच काकांचा उपाय : वाट पाहत पाहत जायचं. खोलीत ते नापास ठरले, रस्त्यावर त्यांचंच बरोबर.

आता खो-खो. ह्यासाठीच तर मी इतका वेळ त्या खुर्चीत बसलो.

पळतीच्या मुलीचं सगळं आयुष्य 'निघाले, नको, परत' यात जातं. समोर उठणारी आक्रमक खेळाडू कुठल्या खांबाकडं जाणार हे तिच्या खांद्यावरून कळतं. नियमही खांद्याचाच : एकदा खांद्याची रेषा वळवून दिशा घेतली की तिला मागं फिरता येत नाही. म्हणून हुल द्यायची ती खांदा वळण्याआधी, नजरेनं, डोक्यानं, कमरेनं. पळती करणारीनं डोक्याकडं पाहिलं की ती गेली. मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, खांदा बघ. का, ते आता कळलं, एवढंच.

संशोधन करणाऱ्या आमच्या पोरीनं मोबाईलवर संथ चित्रण घेतलं, सेकंदाला २४० चित्रं. दोन चित्रांत चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. आम्ही एकेक चित्र पुढं ढकलत पाहिलं. आमची सगळ्यात हुशार पळती डावीकडं निघालेली आहे, उजवा पाय जमिनीत रुतवून अंग डावीकडं कललंय. समोरचीचा खांदा वळतो. त्यानंतरची पन्नास-साठ चित्रं आमच्या मुलीच्या अंगात काहीही बदल नाही, चेहऱ्यावरसुद्धा नाही. मग टाच फिरते, धुळीचा छोटा फराटा उठतो आणि ती उजवीकडं. दुसऱ्या चित्रणात तीच मुलगी, तोच खांदा, पण ह्या वेळी तिचा पाय आधीच उचललेला आहे. डोळे खांद्यावर आहेत, तोंड 'अरे' म्हणाल्यासारखं उघडतंय, आणि ती सरळ जाऊन समोरचीच्या हातात. बाद. खोलीतल्या बोटात आणि मैदानातल्या अंगात हा मोठा फरक आहे. बोटाला वजन नसल्यासारखं असतं, आज्ञा मागं घेतली की संपलं. पंचेचाळीस किलोचं धावतं अंग आज्ञा मागं घेऊन थांबत नाही, त्याला उलट्या बाजूनं रेटावं लागतं, आणि रेटायला पाय जमिनीवर लागतो. तिच्या संशोधनात हे येत नाही. मी तिला तसं स्पष्ट म्हटलं आणि तिनंही मान्य केलं.

आणि माझं ओरडणं. सगळे मास्तर बाजूला उभे राहून ओरडतात. आता हिशेब करा. खांदा वळलेला मला दिसायला आणि माझ्या तोंडून 'थांब' निघायला चांगले तीनशे मिलिसेकंद. मैदान २७ मीटर लांब. मी एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला असेल तर आवाज पोचायलाच ८० च्या आसपास. त्यावर तिच्या कानाचे आणि अंगाचे. माझा 'थांब' तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती एक तर वाचलेली असते, नाही तर बाहेर बसून पाणी पीत असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ते सामने आम्ही शाळेत मोठ्या पडद्यावर पाहिले होते. तिथंही बाजूला उभी असलेली माणसं ओरडतच होती. त्यामुळं मीही ओरडतो. गप्प उभं राहणं मला जमणार नाही.

सुट्या संपता संपता मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, ह्यावरून वर्गातलं कोणतं पोरगं चंचल आहे ते कळेल का? दोन-तीन नावं त्यांच्या ओठावर होती. ती चटकन म्हणाली, नाही सर. अतिचंचलतेचा आजार असलेल्या मुलांच्या गटाची सरासरी काढली तर त्यांना थांबायला जास्त वेळ लागतो असं दिसतं, पण एकेका मुलाला हा आकडा चिकटवून शिक्का मारता येत नाही. उजेड कमी, झोप अपुरी, कंटाळा, कशानंही तो बदलतो. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

माझं आणि तिचं एका गोष्टीवर मात्र जमलेलं नाही. आमचा सराव शाळा सुटल्यावर होतो, ऊन तिरकं, मग झाकड पडतं. संघाचे शर्ट मरून, मागं बाभळीची रांग. अशा उजेडात मरून खांदा म्हणजे जवळपास तो राखाडी ठिपकाच. मी गावच्या शिंप्याकडून सरावाच्या शर्टांना दोन्ही खांद्यांवर पांढरी पट्टी लावून घेतली. फरक दिसला, पळतीच्या पोरी स्वतःच म्हणाल्या, सर, आता वळलेलं लवकर समजून राहिलं. ती म्हणते, सामन्यात समोरच्या संघाच्या खांद्यावर पट्टी नसणार. पोरींना पट्टी पाहायची सवय लागेल आणि खांदा पाहायची मोडेल. मी म्हणतो, आधी योग्य जागी नजर जायला तर शिकू दे, पट्टी काय, नंतर काढता येते. तिच्या म्हणण्यात दम नाही असं नाही. पुढच्या सुटीत ती मनगटावर लावायचे विजेचे पट्टे घेऊन येणार आहे, तोपर्यंत अर्धे दिवस पट्टीसकट आणि अर्धे दिवस बिनपट्टीचा सराव घेऊन लिहून ठेवा, असं तिनं बजावलंय. शिंप्याला निरोप दिला, पट्ट्या शिवू नको, चिकटपट्टीवर लाव, काढघाल करायची आहे. तो म्हणाला, त्याचे पैसे वेगळे पडतील.